विश्लेषण : बर्फ हटवणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक ताकद वाढवायची म्हणजे नेमके काय?

अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा कॅनडात राहणाऱ्या नातेवाइकांचे हिवाळ्यातले व्हिडीओ आता आपल्या मोबाइलवर नेहमीचे झाले आहेत. त्यात कुणी फावड्याने बर्फ उपसत असतो, तर कुणी चिमुकल्या ट्रॅक्टरला पुढे लोखंडी पाते लावून घरासमोरची वाट मोकळी करत असतो. हा ‘गार्डन ट्रॅक्टर’. उन्हाळ्यात तो हिरवळ कापतो, हिवाळ्यात बर्फाला भिडतो आणि तिथेच त्याची हायड्रॉलिक यंत्रणा अपुरी वाटू लागते. ती वाढवताना पैसे कुठे सत्कारणी लागतात आणि कुठे वाया जातात?

बर्फाचे वजन किती?

न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात एका हिवाळ्यात सरासरी सुमारे २४० सेंटिमीटर बर्फ पडतो. रस्ते पालिका साफ करते, पण घरापासून रस्त्यापर्यंतची वाट घरमालकाची. २० मीटर लांब, ४ मीटर रुंद वाटेवर २० सेंटिमीटर बर्फ साचला तर तो होतो १६ घनमीटर. भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तर १.६ टन, ओला, ३०० किलोचा असेल तर ४.८ टन. त्यात पालिकेची गाडी रस्ता साफ करता करता बर्फाचा कडक बांध नेमका घराच्या वाटेच्या तोंडाशी घालून जाते. घरमालक वैतागतो तो या बांधाला.

मूळ यंत्रणेत कमी काय असते?

गार्डन ट्रॅक्टरचे इंजिन साधारण १५ ते २५ अश्वशक्तीचे. आकडा आपल्याकडच्या द्राक्षबागेतल्या मिनी ट्रॅक्टरसारखा वाटला, तरी हे यंत्र वजनाने बरेच हलके असते. हायड्रॉलिक असलेच तर अनेकदा एकच लिव्हर, पाते वर-खाली करण्यापुरता. पाते डावी-उजवीकडे वळवायचे तर खाली उतरा, पिन काढा, पाते फिरवा, पिन घाला. उणे १० अंशात, हातमोजे घालून. त्यामुळे पाते वळवण्यासाठी दुसरा सिलिंडर आणि दुसरा लिव्हर बसवणे, ही सगळ्यात उपयोगी सुधारणा. तिला जास्त ताकद लागतच नाही.

या ट्रॅक्टरमध्ये बऱ्याचदा गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे ‘हायड्रोस्टॅटिक’ ट्रान्समिशन असते आणि पात्याचे तेलही त्याच्याच छोट्या पंपातून येते. त्या पंपाचे पहिले काम ट्रान्समिशनला तेल पुरवणे. त्यावर चुकीच्या जागी जोडणी केली तर ट्रान्समिशन उपाशी राहते आणि पात्याच्या हौसेपायी ट्रॅक्टरच बसतो. म्हणून मोठे काम काढायचे असेल तर इंजिनच्या पुलीवर पट्ट्याने फिरणारा वेगळा पंप आणि त्याची वेगळी तेलटाकी बसवणे बरे.

दाब वाढवायचा की प्रवाह?

इथे बहुतेकांची गल्लत होते. दाब ताकद देतो, प्रवाह वेग देतो. ५ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरला दर चौरस सेंटिमीटरला ७० किलो दाब मिळाला तर तो सुमारे १,३७५ किलोचा जोर लावतो. पाते उचलायला हे पुरून उरते. तक्रार असते ती संथपणाची. या सिलिंडरचा दांडा २० सेंटिमीटर बाहेर यायला सुमारे ०.४ लिटर तेल लागते. पंप मिनिटाला ४ लिटर देत असेल तर सहा सेकंद, १२ लिटर देत असेल तर दोन सेकंद. पात्याची दिशा दर फेरीला बदलावी लागते, तिथे हा फरक जाणवतो.

मात्र १२ लिटर प्रवाह आणि ७० किलो दाब एकाच वेळी द्यायचा तर गळती-घर्षण धरून दोन-सव्वादोन अश्वशक्ती लागते. हेच काम १२ व्होल्टच्या विजेच्या पंपाकडून करून घेतले तर पूर्ण भाराला तो दीडशेहून जास्त अँपिअर ओढेल. अशा ट्रॅक्टरचा अल्टरनेटर १५-२० अँपिअरचा असला तर बाकी भार बॅटरीवर. थोड्या थोड्या वेळापुरता चालतो, सतत नाही.

आणि ढकलतो कोण?

हायड्रॉलिक पाते उचलते आणि वळवते. बर्फ ढकलतात ती चाके. मागच्या चाकांवर ३०० किलो भार असेल आणि घट्ट बर्फावर पकड त्याच्या एक पंचमांश धरली, तर ढकलण्याचा जोर उरतो जेमतेम ६० किलो. सिलिंडर कितीही दणकट बसवा, चाके जागीच फिरणार. म्हणून साखळ्या आणि मागे वजन आधी, पंप नंतर. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी भरतात. तिथे ते गोठेल, म्हणून न गोठणारे द्रावण भरतात.

पाते जोराने खाली दाबण्याचा उपायही उलटा पडतो. पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. त्यापेक्षा व्हॉल्व्हला ‘फ्लोट’ची सोय हवी, म्हणजे पाते स्वतःच्या वजनाने जमिनीच्या चढउताराबरोबर सरकते.

थंडीत तेलाचे काय होते?

हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावरचा ४६ हा आकडा ४० अंश तापमानाचा दाटपणा सांगतो. शून्य अंशाला तेच तेल साधारण दहापट दाट होते, उणे २० ला तर काकवीसारखे. पंप ते ओढू शकत नाही, आत पोकळ्या होतात, करकर ऐकू येते आणि पंप झिजतो. थंडीसाठीचे पातळ तेल, मोठ्या व्यासाचा सक्शन पाइप आणि काम सुरू करण्याआधी काही मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवणे, हा खर्च नव्या पंपापेक्षा कितीतरी कमी आहे.

धोका कुठे?

रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून दाब वाढवण्याचा मोह तिथेही होतो आणि उसाच्या ट्रॉलीचा जॅक वापरणाऱ्या आपल्या भागातही. हा व्हॉल्व्ह म्हणजे प्रेशर कुकरची शिटी. तो दाबून टाकला की पाइप फुटतो, नाहीतर ट्रॅक्टरची चेसिस वाकते.

त्याहून वाईट म्हणजे पाइपला पडलेले सुईएवढे भोक. गळती कुठे आहे हे हात फिरवून पाहिले तर तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. पण आतले मांस सडू लागते आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट कापावे लागू शकते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी. पाइप सोडण्याआधी पाते जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंना हलवावा, म्हणजे अडकलेला दाब निघून जातो. तरीही धार लागलीच, तर मलमपट्टीवर न थांबता थेट मोठे रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे, की दाबाखालचे तेल आत गेले आहे.