एकदा दवाखान्याशिवाय पुण्याला जाऊ या



मागच्या वर्षी चैत्रातली गोष्ट. आमच्या बचत गटाची मासिक बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा यायचा होता. मी सहज विचारलं, "आपल्यातलं कोण कोण पुण्याला जाऊन आलंय?" चौदापैकी बाराजणींनी हात वर केले. मग मी विचारलं, "कशासाठी गेला होता?"

आठजणी दवाखान्यासाठी गेल्या होत्या. दोघी लग्नाचा बस्ता बांधायला. एक मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी, एक कोर्टाच्या तारखेला. कोपऱ्यात बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "मी अकरा येळा गेले. मालकांच्या किडनीपायी. स्वारगेटवरनं रिक्षा, दवाखाना, पुन्हा रिक्षा, स्वारगेट. पुणं कसं हाय ते काय मला म्हाईत न्हाई."

अकरा वेळा पुण्याला जाऊन पुणं माहीत नाही! त्या दिवशी आम्ही ठरवलं, एकदा कुणी आजारी नसताना पुण्याला जायचं. काही विकत आणायला नाही, कागदपत्रांसाठी नाही. नुसतं बघायला, ऐकायला आणि बसायला. आज त्याबद्दल बोलणार आहे. कारण उन्हाळ्यात पुण्यात कितीतरी गोष्टी अशा असतात, ज्यांना तिकीट लागत नाही. आपल्याला त्या कुणी सांगत नाही, एवढंच.

आधी एक शंका दूर करते. फुकट म्हटलं की आपल्याला कमीपणा वाटतो. किंवा वाटतं, हे शहरातल्या शिकलेल्या माणसांसाठी असणार, आपण कसं आत शिरायचं? पण मैत्रिणींनो, आषाढात तुकोबांची पालखी आपल्या भागातून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण होतं, पुढं निमगाव केतकी, इंदापूर. तेव्हा आपण पिठलं-भाकरी घेऊन उभ्या असतो. कुणा वारकऱ्याला आपण विचारतो का, तू कुठल्या गावचा, किती शिकलास? ज्याला यायचं त्यानं यावं. शहरातही असे उघडे दरवाजे आहेत. तिथं आपणही तसंच जायचं.

आता ठिकाणं सांगते. स्वारगेटला उतरलं की बरीच ठिकाणं चालत अर्ध्या तासाच्या आत आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पहिलं, पर्वती. टेकडीवर देवस्थान आहे आणि चढायला १०३ पायऱ्या. पेशव्यांच्या काळातलं हे ठिकाण. पानिपतच्या लढाईनंतर नानासाहेब पेशवे १७६१ साली इथंच वारले. वर उभं राहिलं की सगळं पुणं खाली पसरलेलं दिसतं. आपल्यातल्या बऱ्याचजणींनी पुणं फक्त रिक्षातून पाहिलंय, त्यांनी एकदा वरून बघावं. देवदर्शनाला पैसे नाहीत. वरच्या संग्रहालयाला मात्र तिकीट आहे, बघायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पर्वतीच्या पायथ्याकडे सारसबाग. तळ्यातला गणपती म्हणतात तो इथला. बागेत शिरायला पैसे नाहीत. संध्याकाळी हिरवळीवर सगळं पुणं बसलेलं असतं. पोरांना पळायला जागा आणि आपल्याला पाय पसरून बसायला जागा. कुणी "सरका" म्हणत नाही.

दुसरं ठिकाण गंज पेठेत. महात्मा फुले वाडा. जोतिराव आणि सावित्रीबाईंचं घर. आवारात ती विहीर आहे. १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचं पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसांसाठी खुलं केलं. जोतिरावांची समाधीही तिथंच आहे. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस, त्या दिवशी खूप गर्दी असते. शांतपणे बघायचं असेल तर तो दिवस टाळा. मेळाच बघायचा असेल तर मुद्दाम तोच धरा.

१८४८ साली बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की लोक त्यांच्यावर शेण फेकायचे. हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलं, ३ जानेवारीला भाषणात ऐकलं. पण त्या घराच्या ओट्यावर बसलं की वेगळं वाटतं. आमच्यातल्या एकजण म्हणाल्या, "एवढंच घर? मला वाटलं मोठा वाडा आसंल." खरंच, साधंच घर आहे. आपल्यासारखंच.

तिसरं, बुधवार पेठेतला दगडूशेठ गणपती. दर्शन तर कधीही होतं, पण उन्हाळ्यात अक्षय्य तृतीयेला या गणपतीला ११ हजार आंब्यांचा नैवेद्य दाखवतात. सगळा गाभारा आंब्यांनी सजवलेला असतो. तो प्रसाद नंतर दवाखान्यातल्या रुग्णांना आणि गरजूंना वाटतात. तेवढ्यासाठी लांबून माणसं येतात.

चौथं, जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वराची लेणी. भर शहरात, रस्त्याच्या कडेला, एका खडकात कोरलेलं महादेवाचं देऊळ. बाराशे वर्षांहून जुनं आहे. बाहेर ऊन कितीही असो, आत गारवा असतो. दुपारी बसायला यासारखी जागा नाही. तिथून चालत गेलं की बालगंधर्व रंगमंदिर लागतं. त्याच्या कलादालनात चित्रांची, फोटोंची, कधी हस्तकलेची प्रदर्शनं भरतात. बहुतेकांना तिकीट नसतं. दारात वही ठेवलेली असते, तिच्यात आपलं नाव आणि गाव लिहायचं. आमच्यातल्या एक वहिनी गोधड्या शिवतात. त्या एका चित्रापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. नंतर म्हणाल्या, "रंग कसं जुळवल्यात ते बघत होते."

स्वारगेटहून तिकडं जायला आता मेट्रो आहे. स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. शिवाजीनगरला उतरायचं. मेट्रोला तिकीट लागतं, पण एवढे पैसे खर्च करा. सरकता जिना आणि जमिनीखालची गाडी, पोरांना तर तीच जत्रा वाटते.

आणि पाचवं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिर आहे. तिथं दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत वसंत व्याख्यानमाला सुरू होते आणि मे महिन्यात साधारण विसाव्या तारखेपर्यंत चालते. रोज संध्याकाळी एक व्याख्यान. शेती, पाणी, आरोग्य, इतिहास, राजकारण, साहित्य, कशावरही. १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी ही सुरू केली. दीडशे वर्षं झाली. कुणीही यावं, बसावं, ऐकावं. याच रानड्यांच्या पत्नी रमाबाई लग्न झाल्यावर लिहाय-वाचायला शिकल्या, घरातल्या बायकांचा विरोध सोसून. पुढं त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, बायकांच्या शिक्षणासाठी.

तिथं काय झालं ते सांगते. दारापर्यंत आम्ही नऊजणी गेलो आणि थांबलो. आत पंखे फिरत होते, मंडळी बसत होती. कुणी आम्हाला अडवलं नाही, पण आमचाच पाय उचलेना. त्या अकरा वेळा पुण्याला गेलेल्या काकू म्हणाल्या, "आपल्याला काय कळनार हाय?" तेवढ्यात आतल्या एक आजी खुर्चीवरची पिशवी उचलून म्हणाल्या, "या, इथं रिकामं आहे." बस, तेवढ्यानं झालं. आम्ही बसलो. बाहेर पडताना मी काकूंना विचारलं, कळलं का? त्या म्हणाल्या, "निम्मं कळलं, निम्मं न्हाई. कीर्तनातलं तरी सगळं कुठं कळतंय? म्हणून काय उठून जातो का आपण?"

आता आमच्या चुका सांगते, म्हणजे तुमच्या होणार नाहीत.

आम्ही घरचं सगळं आवरून दहाच्या गाडीनं निघालो. पुण्यात उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, हे आम्हाला फाटकापुढं उभं राहिल्यावर कळलं. पाणी संपलं, एकीला चक्कर आली. मीठ-साखरेचं पाणी देऊन सावलीत बसवलं. तेव्हा पहाटेचीच गाडी धरा. सकाळी उन्हाच्या आत पर्वती, मग फुले वाडा, दुपारी लेणी आणि कलादालन, संध्याकाळी बाग किंवा व्याख्यान. प्रत्येकीनं दोन बाटल्या पाणी, डोक्याला रुमाल, आणि भाकरी-चटणी बरोबर. बाहेर खाल्लं की फुकटची सहल महाग होते. स्वारगेटला उतरल्याबरोबर बाथरूमला जाऊन या. मेट्रो स्टेशनवरही सोय असते. पोरांच्या खिशात आईचा फोन नंबर लिहून ठेवा. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते गाडीतच ठरवा.

खर्चाचंही खरं सांगते. दरवाजा फुकट असला तरी तिथवर जाणं फुकट नसतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यासाठी ओळखपत्र जवळ हवं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. पुण्यातल्या शहर बसला मात्र आपली ही एसटीची सवलत चालत नाही, तिथं पूर्ण पैसे. साध्या गाडीनं बारामतीहून जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास धरा, इंदापूरहून अडीचशेच्या आसपास. निघण्याआधी स्टँडवर विचारून घ्या. दर महिन्याला बचतीबरोबर २० रुपये वेगळे टाकले तर वर्षाला २४० होतात. म्हणजे प्रवासाचा भार उन्हाळ्यात एकदम पडत नाही. हे पैसे बचतीत मिसळू नका. वहीत वेगळं पान करा आणि ठराव लिहा.

पैशापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच. धार कोण काढणार? सासूबाईंना कोण बघणार? एक दिवसाची हजेरी बुडणार. आम्ही दोन तुकड्या केल्या. नऊजणी गेल्या, पाचजणी राहिल्या. राहिलेल्यांनी गेलेल्यांच्या म्हशींची धार काढली. यंदा त्या पाचजणी जाणार आणि आम्ही धार काढणार. व्याख्यान संध्याकाळी असतं, म्हणून मुक्काम करावा लागतो. गटातल्या एकीची बहीण हडपसरला राहते. तिच्या दोन खोल्यांत आम्ही नऊजणी झोपलो. झोप कसली, दोनपर्यंत गप्पाच. सकाळी तिथूनच गाडी धरली. ज्यांना मुक्काम जमणार नाही त्यांनी संध्याकाळची परतीची गाडी आधी विचारून ठेवावी आणि व्याख्यानाऐवजी बागेत बसून यावं.

काही ठिकाणांना तिकीट असतं, तिथंही वाट आहे. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस ही पुरातत्त्व खात्याकडची ठिकाणं. तिथं पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांची समाधी आहे. इंग्रजांच्या कैदेत असताना २२ फेब्रुवारी १९४४ ला त्या तिथं गेल्या. मोठ्यांनी तिकीट काढावं लागलं तरी एकदा बघण्यासारखी जागा आहे.

आणि एक सांगायचंय. व्याख्यानमाला बघून आल्यावर आम्हाला वाटलं, हे आपल्या गावात का नको? मे महिन्यात मारुतीच्या देवळापुढं तीन संध्याकाळी सतरंजी टाकली. पहिल्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या सिस्टर रक्त कमी असण्यावर बोलल्या. दुसऱ्या दिवशी कृषी सहायक माती परीक्षणावर. तिसऱ्या दिवशी गावातल्या एक आजी १९७२ च्या दुष्काळावर बोलल्या, खडी फोडायला जायच्या त्या दिवसांवर. आजींच्या वेळी सर्वात जास्त गर्दी होती. खर्च झाला तो चहाचा.

त्या काकूंना परवा पुन्हा पुण्याला जावं लागलं. मालकांची तपासणी होती, बारावी खेप. परत आल्यावर मला म्हणाल्या, "डॉक्टरला येळ हुता, दोन तास. यांना म्हटलं, चला. सारसबागेत नेलं. हिरवळीवर बसवलं. यांनी विचारलं, तुला गं कसं ठावं? म्हटलं, मी येऊन गेलीया."

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हा विषय वहीत घ्या. कोण जाणार, कोण धार काढणार, एवढं ठरलं की बाकीचं जमतं.