रांगेत पुढे घुसलेला फोल्डर

एप्रिल २०१६ मध्ये जीसीसी ६.१ आला आणि लिनक्सवर एरवी मुकाट बिल्ड होणाऱ्या कितीतरी सी++ लायब्रऱ्या अडल्या. कम्पायलरचं रडगाणं एकच: 'एसटीडीलिब डॉट एच' नावाची फाईल नाही. फाईल तर /यूएसआर/इन्क्लूडमध्ये जागच्या जागी होती. 'एलएस' केलं की दिसायची.

मागच्या भागात प्रीप्रोसेसर येऊन गेला. 'इन्क्लूड'ची ओळ आली की तो हेडर आणून तिथे ओततो. पण ते आणतो कुठून, हे सांगायचं राहिलं होतं. त्यासाठी तो सगळी डिस्क धुंडाळत बसत नाही. फोल्डरांची एक ठरलेली रांग असते. पहिल्यापासून एकेकाला विचारायचं, आणि ज्याच्याकडे त्या नावाची फाईल निघेल तिथेच थांबायचं.

नाव अवतरणचिन्हांत असेल, तर शोध ती ओळ ज्या फाईलमध्ये आहे तिच्याच फोल्डरापासून सुरू होतो. कोनी कंसात असेल, तर घर सोडून थेट बाहेर. तिथे आधी 'हायफन आय'ने सांगितलेले फोल्डर, मग 'आयसिस्टिम'वाले, आणि त्यांच्यामागे कम्पायलरचे नेहमीचे. डेबियनवर या नेहमीच्या तुकडीत सी++ची हेडरं पुढे असतात, मग जीसीसीचा स्वतःचा फोल्डर, मग /यूएसआर/लोकल/इन्क्लूड. /यूएसआर/इन्क्लूड सगळ्यांच्या शेवटी. जीसीसीला 'हायफन व्ही' देऊन रिकामी फाईल कम्पाइल करायला सांगितली, की तो ही सगळी रांग छापून दाखवतो.

जीसीसी ६ ने सी++च्या फोल्डरात स्वतःचं 'एसटीडीलिब डॉट एच' ठेवलं. आता सी++चं 'सीएसटीडीलिब' हे हेडर सी लायब्ररीतलं त्याच नावाचं हेडर मागवणार कसं? साधं 'इन्क्लूड' लिहिलं, तर शेजारचंच हाती लागायचं. म्हणून तिथे 'इन्क्लूड नेक्स्ट' आलं. त्याचा अर्थ, माझ्या मागे जे उभे आहेत फक्त त्यांनाच विचार.

गोम इथे होती. बाहेरच्या लायब्ररीच्या हेडरांमधले इशारे कम्पायलरने दाखवू नयेत, म्हणून बिल्डच्या स्क्रिप्टा तिचा फोल्डर 'आयसिस्टिम'ने देत. लायब्ररी /यूएसआर/इन्क्लूडमध्येच असेल, तर तोच फोल्डर दिला जाई आणि शेवटचा गडी एकदम पुढे येई. रांगेत एकाला दोन जागा मिळत नाहीत. पुढची धरली की जीसीसी मागची काढून घेतो. मग 'सीएसटीडीलिब'ने मागे वळून विचारलं, तर तिथे कोणीच नाही.

गंमत अशी, की हाच फोल्डर 'हायफन आय'ने दिला असता तर काही बिघडलं नसतं. नेहमीच्या तुकडीतला फोल्डर तसा दिला, तर जीसीसी तिकडे सरळ काणाडोळा करतो. ठरलेला क्रम मोडू नये म्हणूनच ही सोय आहे. 'आयसिस्टिम'ला ती नाही. दुरुस्ती एका ओळीची होती, तो पर्याय काढून टाकायचा. पण 'फाईल नाही' एवढंच सांगणारा संदेश वाचून रांग तपासावी, हे कोणाला सुचणार? माणूस आधी पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करून बघणार.

मॅकवर कहाणी वेगळी आहे. २०१८ च्या मोहावीपासून तिथे डेव्हलपर टूल्स टाकली तरी /यूएसआर/इन्क्लूड आपोआप तयार होत नाही. हेडरं एसडीकेच्या पोटात असतात आणि कम्पायलरला 'आयसिसरूट'ने तिकडे वळवावं लागतं. पुढच्या भागात त्याविषयी.