आठवड्यातला एक दिवस दवाखान्यासाठी



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय वेगळा वाटेल, पण आहे तो आपल्या घरचाच. गावातला स्वस्त दवाखाना कशावर चालतो? डॉक्टरवर, असे आपण म्हणतो. डॉक्टर हवाच, पण दवाखाना टिकतो तो गावकऱ्यांनी दिलेल्या वेळावर, असे आमचे म्हणणे आहे.

कपिलधारचेच घ्या. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला लांबलांबून दिंड्या पायी येतात. त्यांना पाणी देणे, पंगतीत वाढणे, थकल्या म्हाताऱ्यांना हात देणे ही कामे कोणी रोजंदारीवर करीत नाही. सेवेची सवय आपल्या मुलखाला आहेच. ती यात्रेपुरती न ठेवता वर्षभर लावायची, एवढाच प्रश्न आहे.

जामखेडने काय केले?

उदाहरण शोधायला लांब जायला नको. मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याने पुढे गेले की जामखेड. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. गर्दी झाली, पण हगवणीचे मूल बरे होऊन गेले की पुन्हा त्याच आजाराने परत येई. तेव्हा त्यांनी गावांना सांगितले, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. निवडलेल्या कित्येक बायांना अक्षरओळखही नव्हती. त्या नेमाने जामखेडला येऊन शिकल्या: मुलाचे वजन कसे घ्यावे, गरोदर बाईची काळजी कशी घ्यावी, बाळंतपण स्वच्छ कसे करावे.

पुरुषही मागे राहिले नाहीत. गावोगाव शेतकरी मंडळे निघाली. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालली, पिण्याच्या पाण्याच्या विंधनविहिरी झाल्या. १९७१ मध्ये त्या भागात जन्मणाऱ्या हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या आत आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज दोघेही हयात नाहीत, पण त्यांनी घालून दिलेली वाट आपल्यासमोर आहे.

आपला संबंध काय?

आपला ऊस तोडायला येणारी माणसे याच बालाघाटच्या डोंगरातली. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आजार अंगावर काढायचा, खाडा नको म्हणून दुखणे लपवायचे आणि शेवटी उचल घेऊन ऑपरेशन करायचे, असा हा फेरा आहे.

आमचीही चूक सांगतो. एका फडात तापाने फणफणलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन चालताना आम्ही पाहिली. आम्ही टनेज विचारले, स्लिप पाहिली आणि पुढच्या प्लॉटला गेलो. तिला दवाखान्यात कोणी नेले का, हे विचारायचे राहून गेले. ते अजून मनाला लागते.

सभासदाने काय करावे?

१. आठवड्यातला एक दिवस ठरवून द्यावा. ‘सवड मिळाली की येतो’ याने काम होत नाही. पाण्याची पाळी आपण चुकवतो का?

२. नावे नोंदणे, रांग लावणे, वजन घेणे, हिशेब लिहिणे ही कामे शिकलेल्या मुलामुलींनी करावीत. डॉक्टरचा तेवढा वेळ रोग्याला मिळतो.

३. ज्याच्याकडे जीप वा ट्रॅक्टर आहे, त्याने अडलेल्या बाळंतिणीला पोहोचवण्याची पाळी घ्यावी.

४. क्षयाचा वा रक्तदाबाचा रोगी गोळ्या मध्येच सोडतो. त्याच्या घरी चक्कर मारून विचारपूस करावी. गावातल्या आशाताईंना सोबत घ्यावे.

५. टोळी उतरली की मुकादमाला विचारावे, कोण आजारी आहे, कोण गरोदर आहे, कोणाचे लेकरू लसीवाचून राहिले आहे.

एक पथ्य मात्र पाळावे. सुई टोचणे, औषध ठरवणे हे स्वयंसेवकाचे काम नव्हे. तसेच एका घरचे दुखणे दुसऱ्या घरी सांगू नये. नाहीतर बायाबापड्या दवाखान्याची पायरी चढणार नाहीत.

आणि घरोघरी सांगण्याजोगे एक: लेकराला हगवण लागली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले, तर लगेच दवाखाना गाठावा.

दवाखाना फुकट असावा असे आम्ही म्हणत नाही. परवडेल अशी फी असावी, दराचा फलक बाहेर लावावा आणि हिशेब गावापुढे ठेवावा. चार माणसांनी थोडे थोडे घातले की मोठे काम उभे राहते, हे सहकाराने आपल्याला शिकवले आहे. भागभांडवल आपण पैशाचे घातले. आता थोडे वेळाचे घालू या.

हंगाम सुरू होण्याआधी आपापल्या गट कार्यालयात नाव आणि वार कळवावा. पहिले नाव आम्ही आमचेच लिहिले आहे.

आपला,
ऊसविकास अधिकारी