पायलटला एवढा मोठा पगार का मिळतो? समजून घ्या
पायलटच्या पगाराचे आकडे ऐकून अनेकांचे डोळे विस्फारतात. पण हा पैसा नेमका कशाचा?

भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. प्रशिक्षणाचा लाखोंचा खर्च बहुतेकदा उमेदवारच उचलतो. एअरबस ए३२० चालवायचे तर त्या विमानाचे टाइप रेटिंग वेगळे. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल लायसन्सला १५०० तासांचा अनुभव हवा. म्हणजेच विमाने वाढली तरी कॅप्टन एका रात्रीत तयार होत नाहीत. म्हणूनच त्यांचा भाव चढा.

नोकरी लागली तरी दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा असतेच. वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरल्यास उड्डाण थांबते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यामुळे फी भरण्याआधीच डीजीसीएच्या निकषांनुसार वैद्यकीय तपासणी करून घेतलेली बरी.