सांभाळणाऱ्यालाही उसंत हवी

घाटीतला दुसरा माणूस
छत्रपती संभाजीनगरचे (तेव्हाचे औरंगाबाद) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. जालना, बीड, परभणीहून येणाऱ्या रुग्णासोबत एक नातेवाईक असतोच. केसपेपर काढायचा, चिठ्ठी घेऊन औषधाला पळायचे, रात्री सलाईनवर नजर ठेवायची, सगळे त्याच्याच अंगावर. सुटी होऊन घरी आल्यावर मदतीला नर्सही नसते. बहुतेक घरांत हे काम सून, बायको किंवा मुलगी करते.

थकवा ओळखा
झोप उडणे, लहानसहान गोष्टींवर चिडणे, कंबर धरणे, स्वतःचीच बीपी-शुगरची गोळी चुकणे ही धोक्याची लक्षणे आहेत. रुग्णाला दवाखान्यात नेताना स्वतःचाही बीपी तपासून घ्या.

कंबर वाचवा
अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. काखेत हात घालून ओढू नका. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी चादर दुहेरी घडी करून रुग्णाखाली घाला. दोघांनी दोन्ही बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून घट्ट धरा, गुडघे किंचित वाकवा आणि एकदमच सरकवा. म्हणून दुसरा माणूस लागतोच.

शेजाऱ्यांनी काय करावे?
‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्याने कुणी सांगत नाही. ठरलेले काम अंगावर घ्या. नळाला पाणी येईल त्या दिवशी त्यांचे पाणी भरा. मंगळवारी डबा द्या. रविवारी दोन तास रुग्णाजवळ बसा, म्हणजे सांभाळणाऱ्या ताईंना निवांत झोपता येईल. बचत गट किंवा सोसायटीने असे वार वाटून घेतले, तर कुणा एकावर भार पडत नाही.

बोलायला माणसे
डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या घरात स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. तिथल्या स्वमदत गटात शुभार्थींचे, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांचे, नातेवाईक एकमेकांचे अनुभव ऐकतात. असा गट आपल्या सिडको-गारखेड्यातही चार कुटुंबे मिळून सुरू करू शकतात. मन फारच खचले तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

अपराधी वाटून घेऊ नका
दोन तास बाहेर पडणे म्हणजे जबाबदारी टाळणे नव्हे. शुश्रूषा महिनोन् महिने चालते. ती करणारा टिकला, तरच रुग्ण सांभाळला जातो. म्हणून मदत मागा, आणि मिळाली की संकोच न करता घ्या.