क्रूझर घेताना: २२०, ३५० की ६५० सीसी?

क्रूझर घ्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो किती सीसीची. पिस्टन तळापासून वरपर्यंत जाताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो, तिचं घनफळ म्हणजे सीसी. जागा मोठी असेल तर दर स्फोटाला हवा आणि पेट्रोल जास्त जळतं आणि पिस्टनला धक्काही मोठा बसतो. पण नुसत्या सीसीवरून गाडी कळत नाही. ताकद किती, टॉर्क किती आणि ही दोन्ही किती आरपीएमला मिळतात, हेही वाचावं लागतं.

सायकलवर हे चटकन कळतं. पायडलवर एका वेळी जेवढा जोर देता तो टॉर्क. तो जोर मिनिटाला जितक्या फेऱ्यांनी (म्हणजेच आरपीएमला) लावता, त्यावर ताकद ठरते. म्हणजे कमी जोर लावून भराभर पाय मारले किंवा जास्त जोर लावून सावकाश मारले, तरी ताकद सारखी येऊ शकते.

पुण्याच्या बजाजची ॲव्हेंजर क्रूझ २२० आणि रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० शेजारी ठेवून पाहा. ॲव्हेंजरची ताकद १९ हॉर्सपॉवर, मीटिऑरची सुमारे २०. फरक जेमतेम एकाचा. पण ॲव्हेंजरला ती ताकद ८५०० आरपीएमला मिळते, मीटिऑरला ६१०० लाच. टॉर्कमध्ये तफावत मोठी आहे: ॲव्हेंजर १७.५५ न्यूटन-मीटर, तोही ७००० आरपीएमला. मीटिऑर २७, आणि फक्त ४००० ला.

यातलं बरंचसं श्रेय मोठ्या सिलिंडरचं आहे, बाकीचं इंजिनच्या घडणीचं. मीटिऑरच्या पिस्टनचा व्यास ७२ मिलिमीटर आणि वर-खाली प्रवास ८५.८ मिलिमीटर. एवढा लांब प्रवास करणारं इंजिन फार वेगात फिरवता येत नाही, म्हणून ते कमी आरपीएमलाच भरपूर ओढेल असं बांधलेलं असतं. ॲव्हेंजरचा पिस्टन ६२.४ मिलिमीटरच जातो-येतो. त्या इंजिनाला वेगात फिरायला आवडतं. घाटातल्या वळणावर वेग २५-३० वर येतो, तिथे हा फरक हाताला जाणवतो. २२० ला गिअर खाली टाकून इंजिन फिरवत न्यावं लागतं, ३५० त्याच गिअरमध्ये चढ ओढून काढते. सपाट रस्त्यावर एकट्याने जाताना मात्र दोघींत फार अंतर पडत नाही, कारण ३५० चं वजन १९१ किलो आहे आणि २२० चं १६३.

आता सुपर मीटिऑर ६५० पाहू. दोन सिलिंडर, ६४८ सीसी, ४७ हॉर्सपॉवर, ५२.३ न्यूटन-मीटर आणि वजन २४१ किलो. डबलसीट बसून सामानासह दीडशे किलो चढवले, तर ३५० मध्ये एका हॉर्सपॉवरच्या वाट्याला सुमारे १७ किलो येतात, ६५० मध्ये फक्त ८. महामार्गावर लांब ट्रेलरला ओव्हरटेक करताना ही शिलकी ताकद उपयोगी पडते, कारण समोरच्या लेनमध्ये कमी वेळ राहावं लागतं. ३५० ताशी ८० ला सुखाने चालते, शंभरच्या पुढे तिच्याकडे फारसं काही उरत नाही. पण चौपदरी महामार्गावर दुचाकीसाठी केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादाही ८० च आहे, हे ध्यानात ठेवा.

मोठ्या इंजिनची किंमत रोज मोजावी लागते. ६५० पेट्रोल जास्त पिते, सिग्नलला मांड्यांना गरम हवा जास्त लागते, आणि सीट ७४० मिलिमीटर इतकी खाली असली तरी २४१ किलो उतारावरच्या पार्किंगमधून पायांनीच मागे ढकलावे लागतात. शिवाय कायद्याची रेषा ३५० सीसीवर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंतच्या मोटारसायकलींवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यावरच्यांवर ४०. थर्ड पार्टी विम्याचा वरचा टप्पाही ३५० च्या पुढेच सुरू होतो. मीटिऑर ३४९ सीसीची असणं म्हणूनच ग्राहकाच्या फायद्याचं आहे.

रोज शहरातून जाणं-येणं, क्वचित लांबचा प्रवास आणि हलकी गाडी हवी, तर २२० पुरते. रोजची गाडी तीच आणि महिन्या-दोन महिन्यांनी घाट चढायचा, तर ३५० घ्या. बहुतेकांची गरज इथेच भागते. ६५० त्यांच्यासाठी, जे वारंवार डबलसीट, सामान लादून दिवसभर महामार्गावर असतात आणि ज्यांना तेवढं वजन पेलतं.

टेस्ट राइड एकट्याने घेऊ नका. मागे माणूस बसवा, उड्डाणपुलाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० वर ॲक्सिलरेटर हळूहळू पिळा आणि गाडी उचलते की घुसमटते ते पाहा. मग इंजिन बंद करून ती थोड्या चढावर मागे ढकलून बघा. या दोन्ही परीक्षांत जी गाडी तुम्हाला दमवत नाही, ती तुमच्या मापाची.