काका कुठे लागले?

घरी पाहुणे आलेत. आजी नातीला सांगते, "नमस्कार कर. हे तुझे काका लागतात." चार वर्षांची नात आधी पाहुण्यांकडे बघते, मग स्वतःच्या गुडघ्याकडे, आणि म्हणते, "मला कुठ्ठे नाही लागले."

सगळे हसतात. पण तिचं चुकलं काय? तिच्या लेखी लागणं म्हणजे ठेच, खरचटणं आणि वर आईची फुंकर. मोठ्यांच्या तोंडी मात्र हा शब्द वाटेल तिथे हिंडतो. भूक लागते, डोळा लागतो, दार लागतं, वेळ लागतो, दूध पातेल्याच्या बुडाला लागतं. घाटात गाडी लागली की पोटात ढवळतं, फलाटाला गाडी लागली की कुणालाच काही होत नाही! मुलाच्या हाती यातला एखादाच अर्थ आलेला असतो, बहुधा अंगाला जाणवणारा. तोच ते नव्या वाक्याला लावून बघतं. पातेल्याला हात लावून "दुधाला ताप आलाय" म्हणणारं पोरही हेच करत असतं. (ते तर व्युत्पत्तीतही बरोबर आहे. ताप आणि तापणं एकाच घरचे.)

अर्थाच्या आधी शब्द हाती लागावा लागतो. लिहिताना आपण शब्दांमध्ये जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. कानावर आवाजाची सलग पट्टी येते आणि ती कुठे कापायची हे मुलाला स्वतःच ठरवावं लागतं. १९९६ साली अमेरिकेत जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची अखंड माळ ऐकवली, जेमतेम दोन मिनिटं. त्यात काही अक्षरं नेहमी एकापाठोपाठ येत होती. एवढ्या धाग्यावरून बाळांनी 'शब्द' हेरले. नंतर भलतेच जोडलेले तुकडे ऐकवले, तेव्हा त्यांनी नवलानं जास्त वेळ कान दिला.

कापलेला तुकडा अनोळखी निघाला, की मूल शेजारचा ओळखीचा शब्द बसवतं. विठोबाच्या आरतीतल्या 'कुरवंड्या' मुलांना कोण समजावतं? मुलं खुशाल 'सुरवंट्या' म्हणतात. सुरवंट निदान पाहिलेला असतो. टाळ वाजवणाऱ्या किती मोठ्यांना कुरवंडी म्हणजे ओवाळणं हे ठाऊक असतं, ते विचारायला नको.

अर्थाचा अंदाजही मुलं झटपट बांधतात. सुसान केरी आणि एल्सा बार्टलेट यांचा १९७८ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. बालवाडीतल्या मुलांना दोन ट्रे दाखवून सांगितलं, निळा नको, 'क्रोमियम' आण. हा शब्द मुलांनी कधी ऐकलेला नव्हता, पण निळा नाही म्हणजे दुसरा, एवढं त्यांना पुरलं. याच चपळाईचा दुसरा परिणाम असा, की "चहा टाकू का?" ऐकून एखादं मूल कळवळून ओरडतं, "नको टाकू, बाबांना दे!"

सर्वांत हुशार चूक मला 'करलं' ही वाटते. बसलं, उठलं, हसलं, मग करलं. घरात कुणी असं बोलत नाही, तेव्हा ही नक्कल नव्हे. मुलानं नियम शोधून लावलेला आहे. गंमत म्हणजे याआधी तेच मूल 'केलं' असं बरोबर म्हणत असू शकतं. तेव्हा तो आयता उचललेला शब्द होता. नियम सापडला, म्हणून चूक सुरू झाली. केलं, गेलं, मेलं हे अपवाद पुन्हा जागेवर बसायला वेळ जातो. रागावून तो कमी होत नाही, आपण सहज "हो का, तू केलंस?" म्हणत राहावं.

आणि 'परवा'चं काय करायचं? होऊन गेलेला दिवसही परवा आणि यायचा आहे तोही परवा. क्रियापदाकडे लक्ष दिलं तरच उलगडा होतो, आणि मुलाचं लक्ष असतं सहलीकडे. "परवा जाऊ" असं ऐकलेली आमची भाची दुसऱ्या दिवशी दप्तर भरून दारात उभी होती. तिनं एकच विचारलं, "मागचा परवा की पुढचा परवा?"